अ‍ॅनाबॅप्टिस्टांना बंडासाठी मारले, हा दावा का टिकत नाही

सोळाव्या शतकातील अ‍ॅनाबॅप्टिस्टांविषयी, म्हणजे अर्भकांचा बाप्तिस्मा अमान्य करून प्रौढपणी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती लोकांविषयी, एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे असे की, त्यांना श्रद्धेसाठी नव्हे तर राजद्रोहासाठी शिक्षा झाल्या. जर्मनीतील म्युन्स्टर शहरात त्यांनी घातलेल्या हैदोसानंतर राज्यकर्त्यांचा नाइलाज होता. जे क्रौर्य झाले ते कॅथलिकांनी केले. आणि त्या काळात याहून वेगळा विचार कोणी करूच शकत नव्हते. मेलेल्या माणसांवर नव्याने आरोप ठेवणाऱ्या या मजकुराला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

प्रथम म्युन्स्टर. तेथील सत्ता अ‍ॅनाबॅप्टिस्टांच्या हाती गेली ती फेब्रुवारी 1534 मध्ये. स्वित्झर्लंडमधील झुरिचमध्ये पहिला प्रौढ बाप्तिस्मा 21 जानेवारी 1525 रोजी झाला आणि पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारण्याचा हुकूम तिथल्या नगरपरिषदेने मार्च 1526 मध्येच काढला. 5 जानेवारी 1527 रोजी तिथला अ‍ॅनाबॅप्टिस्ट पुढारी फेलिक्स मान्झ याला लिमात नदीत नावेतून नेण्यात आले. त्याचे बांधलेले हात गुडघ्यांवरून खाली ओढून, दंड आणि पाय यांच्यामध्ये काठी सारण्यात आली, म्हणजे त्याला हातपाय हलवताच येऊ नयेत, आणि तशा अवस्थेत त्याला पाण्यात लोटले. काठावरून त्याची आई त्याला श्रद्धेवर ठाम राहण्यास सांगत होती. त्याच वर्षी मे महिन्यात रोटेनबर्ग येथे याच चळवळीचा पुढारी मायकेल साटलर याची जीभ कापून, तापलेल्या चिमट्यांनी मांस तोडून त्याला जाळले आणि त्याची पत्नी मार्गारेटा हिला नेकार नदीत बुडवले. मार्च 1528 मध्ये व्हिएन्नात आणखी एक पुढारी बाल्थासर हुबमायर जाळला गेला. 1529 मध्ये स्पायर येथे भरलेल्या जर्मन साम्राज्याच्या सभेने तर असा फर्मानच काढला की, पुन्हा बाप्तिस्मा घेतलेल्या जाणत्या वयाच्या स्त्री-पुरुषांना धर्मन्यायालयाच्या चौकशीवाचूनच अग्नीने, तलवारीने वा तत्सम रीतीने ठार करावे. जी घटना अजून घडलीच नव्हती, ती या शिक्षांचे कारण कशी असेल?

म्युन्स्टरमध्ये जे झाले त्याचे समर्थन कोणी करू नये. बाप्तिस्मा नाकारणाऱ्यांना ऐन थंडीत शहराबाहेर हाकलले गेले, त्यांच्या पुढाऱ्याने, लायडनच्या यानने, स्वतःला राजा म्हणवून घेतले, बहुपत्नीत्व लादले गेले आणि विरोधकांची मुंडकी उडवली गेली. त्याआधीच्या शेतकरी उठावाशीही या चळवळीतील काहींचा संबंध होता. परंतु साटलरच्या पुढाकाराने 1527 मध्येच श्लाइटहाइम येथे मान्य झालेल्या निवेदनात ख्रिस्ती माणसाने तलवार धरू नये असे स्पष्ट म्हटले होते, आणि म्युन्स्टरनंतर नेदरलँड्समध्ये मेनो सायमन्सने विखुरलेल्या लोकांना याच अहिंसक वाटेवर एकत्र आणले. मूठभरांचा गुन्हा या साऱ्यांच्या माथी मारता येत नाही.

राजद्रोहाच्या आरोपात तथ्याचा एक अंश आहे, तो मान्य केला पाहिजे. हे लोक शपथ घेत नसत आणि शस्त्र उचलत नसत. ज्या समाजात प्रजा असणे आणि चर्चचे सभासद असणे एकच होते, तिथे राज्यकर्त्यांना हे आव्हान वाटले यात नवल नाही. पण ते आव्हान श्रद्धेतूनच आलेले होते, तिच्यापासून वेगळे काढता येण्याजोगे नव्हते. शिवाय खुद्द निकालपत्रे काय म्हणतात ते पाहावे. हॉलंडमधील आस्परेनचा डिर्क विलेम्स कैदेतून निसटून पातळ बर्फावरून पळत होता. पाठलाग करणारा बर्फ फुटून पाण्यात पडला, तेव्हा डिर्कने मागे फिरून त्याला बाहेर काढले आणि तिथेच तो पुन्हा पकडला गेला. 16 मे 1569 रोजी त्याला जाळण्यात आले. त्याच्या निकालपत्रात आरोप आहेत ते असे: त्याने रॉटरडॅममध्ये पुन्हा बाप्तिस्मा घेतला, स्वतःच्या घरी गुप्त सभा भरू दिल्या आणि तिथे इतरांचा बाप्तिस्मा होऊ दिला. बंडाचा, शस्त्राचा, दंग्याचा त्यात शब्दही नाही.

सर्वाधिक माणसे हॅब्सबर्ग राजघराण्याच्या प्रदेशांत आणि नेदरलँड्समध्ये, म्हणजे कॅथलिक सत्तेखाली मारली गेली, हे खरे आहे. पण मान्झला बुडवणारे झुरिच हे कॅथलिक चर्चपासून फुटलेल्या झ्विंग्ली या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या प्रभावाखालचे शहर होते. स्पायरच्या ज्या सभेत ल्यूथरन राजांनी, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या अनुयायी राजांनी, आपल्या श्रद्धेच्या रक्षणासाठी निषेध नोंदवला, त्याच सभेत त्यांनी अ‍ॅनाबॅप्टिस्टांच्या देहदंडाला संमती दिली. ल्यूथरचा सहकारी मेलँक्थॉन याने 1531 मध्ये या शिक्षेच्या बाजूने अभिप्राय लिहिला आणि ल्यूथरने त्याला दुजोरा दिला. आणि झुरिचने हान्स लांडिस या अ‍ॅनाबॅप्टिस्टाचा शिरच्छेद केला तो 1614 मध्ये, म्युन्स्टर पडल्याला जवळपास ऐंशी वर्षे लोटल्यावर.

राहिला काळाचा बहाणा. हेस या जर्मन संस्थानाचा फिलिप हा त्याच काळातला, ल्यूथरच्याच पक्षाचा राजा होता. म्युन्स्टर जिंकून घेण्यास त्याने मदतही केली होती. तरीही केवळ श्रद्धेसाठी आपल्या राज्यात कोणाला देहदंड देण्यास त्याने नकार दिला. हुबमायरने तर स्वतः जाळला जाण्याच्या चार वर्षे आधी, 1524 मध्ये, पाखंडी ठरवलेल्यांना जाळणे ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध आहे असे लिहून ठेवले होते.

ज्यांच्या बचावासाठी हा मजकूर फिरवला जातो, त्यांच्या वारसांनीच हा बचाव सोडून दिला आहे. झुरिचच्या रिफॉर्म्ड चर्चने 2004 मध्ये लिमातच्या काठी मान्झ आणि इतरांच्या स्मृत्यर्थ फलक बसवला, आणि 2010 मध्ये श्टुटगार्ट येथे जागतिक ल्यूथरन महासंघाने मेनोनाइटांची, म्हणजे मेनो सायमन्सच्या परंपरेतल्या आजच्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांची, औपचारिक क्षमा मागितली.