आधी आउटलाइन पुसा, मग मुलांना बोलवा

संग्रहालयाची भिंत रंगवायला शाळेतली मुलं बोलावतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी आउटलाइन आधीच काढून ठेवलेली असते. किल्ला कुठे, मावळा कुठे, मोर कुठे, सगळं मोठ्यांनी ठरवलेलं. मुलांनी नेमून दिलेल्या जागेत नेमून दिलेला रंग भरायचा. पाहुणे येतात, फोटो होतात, सर्टिफिकेटं वाटली जातात. चित्रकलेची शिक्षिका म्हणून अशा कार्यक्रमांना मी मुलांना घेऊन जात आले आहे, आणि आता स्पष्ट बोलायला हवं असं वाटतं. कृपा करून याला मुलांचा सहभाग म्हणू नका. काय काढायचं हे मुलं ठरवतील, तेव्हाच तो सहभाग.

यावर लगेच ऐकू येतं, "मुलं काय काढणार? तेच दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली नदी." पण ते डोंगर मुलांनी शोधलेले नाहीत. ते आपणच त्यांना वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवले आहेत. फळा कोरा ठेवून मोठ्यांनी जरा कळ काढली तर काय होतं, हे पाहायचं असेल तर इजिप्तमधलं हर्रानिया बघा.

गिझाच्या पिरॅमिडांपासून जवळच हे गाव आहे. रामसेस विस्सा वासेफ (१९११-१९७४) या वास्तुविशारदाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जमीन घेतली, मातीच्या विटांच्या घुमटाकार खोल्या बांधल्या आणि गावातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना विणकाम शिकवायला सुरुवात केली. त्याचे नियम तीनच होते. आधी कागदावर चित्र काढायचं नाही, थेट मागावर विणायचं. बाहेरच्या कुठल्या कलेची नक्कल करायची नाही. आणि मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही, चूक काढायची नाही, सुधारूनही द्यायचं नाही. तिसरा नियम पाळणं किती जड असतं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. मूल झाडाला निळा रंग लावतं तेव्हा आपली जीभ आपोआप हलते!

मागावरचं चित्र धाग्याधाग्याने चढत जातं. बुंधा विणताना वरची फांदी कुठे वळणार, हे मुलाला मनातच धरून ठेवावं लागतं, कारण खोडरबर नाही आणि कच्चं चित्रही नाही. लोकर मंजिष्ठ, नीळ अशा वनस्पतींच्या रंगात रंगवलेली. त्यातून मुलांच्या रोजच्या डोळ्यांसमोरचं सगळं उतरलं: खजुराची झाडं, कालवे, पाखरं, शेतात राबणारी माणसं. त्यातली कित्येक मुलं मोठी होऊनही तिथेच विणत राहिली. त्यांची कामं तिथल्याच संग्रहालयात जपलेली आहेत आणि ती विणणाऱ्याच्या नावाने ओळखली जातात. या केंद्राच्या वास्तूला १९८३ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कारही मिळाला.

लहान मुलं मागावर म्हटल्यावर बालमजुरीची शंका मनात येते, आणि यायलाच हवी. गालिच्याच्या कारखान्यात नक्षी मालकाची असते, बोटं फक्त मुलाची. इथे नक्षीच मुलाची होती. तरीही मी कोणाला शाळेत माग मांडायला सांगत नाही. मला हर्रानियातून मोठ्यांचं गप्प बसणं तेवढं घ्यायचं आहे.

एवढा वेळ कोणाकडे आहे, असं विचाराल. बरं, एकच दुपार असेल तर ब्रिस्बेनचं उदाहरण घ्या. तिथल्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत यायोई कुसामा या जपानी चित्रकर्तीने २००२ मध्ये मुलांसाठी एक खोली मांडली. भिंती, टेबल, खुर्च्या, सगळं पांढरंशुभ्र. येणाऱ्या प्रत्येक मुलाला रंगीत गोल टिकल्यांचा कागद मिळायचा आणि टिकली कुठे चिकटवायची ते त्याने ठरवायचं. हळूहळू सगळी खोली रंगांनी भरून गेली. कल्पना कुसामाची, मुलाच्या हाती निर्णय एवढासाच. पण तेवढा तरी खरा. टिकली चुकीच्या जागी लागली असं तिथे कोणी म्हणूच शकत नाही.

मोठ्यांच्या बाबतीतही प्रश्न हाच आहे. भोपाळचं जनजातीय संग्रहालय (२०१३) बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. तिथली दालनं गोंड, भिल्ल, बैगा, कोरकू अशा जमातींच्या कलाकारांनी स्वतःच्या हातांनी घडवली आहेत. आपल्याकडे डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वारली समाजात लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, लिहिणाऱ्या सुवासिनींची परंपरा आहे. मग सरकारी इमारतीच्या कुंपणावर वारली चित्रं हवी असली की ते काम रंगाच्या कंत्राटात का जातं? त्या बायकांना सन्मानाने बोलवा, चांगले पैसे द्या आणि काय लिहायचं ते त्यांच्यावर सोडा.

आपल्याकडे काहीच होत नाही असं मात्र नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९ मध्ये मुलांचं संग्रहालय सुरू झालं, तेव्हा पहिल्या प्रदर्शनासाठी संग्रहातल्या वस्तू मुलांनीच निवडल्या होत्या. हे वाचून मला फार आनंद झाला होता. माझं म्हणणं एवढंच की जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान संग्रहालयांतही हे व्हावं. त्याला मोठी इमारत लागत नाही.

लागते ती नोंदवही. संग्रहालयात आलेल्या नाण्याला, मूर्तीला, अडकित्त्याला दाखल क्रमांक मिळतो. मुलांच्या कामांपैकी चार-पाच तरी त्याच वहीत चढवा: नाव, गाव, वय, साहित्य, साल. कोणती चढवायची हे निवडायला मुलांनाच बसवा. ती मोठ्यांपेक्षा कडक परीक्षक असतात. चार्ट पेपर पिवळा पडतो, पोस्टर कलर उडतो, हे मला माहीत आहे. म्हणून कागद चांगला द्या, आणि काम सुरू करण्याआधी मुलांना दालनात तासभर नुसतं बसू द्या. मार्गदर्शकाचं भाषण त्या तासात नको.

तारखेचंही बघा. जागतिक संग्रहालय दिन १८ मे रोजी येतो, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत. शाळा बंद, मुलं गावाला गेलेली. उपक्रम खरोखर मुलांसाठी असेल तर तो दिवाळीनंतरच्या सत्रात, ओळीने काही शनिवार ठेवा. संग्रहालयात काम करणारं कोणी हे वाचत असेल तर मला मेसेज करा. पालकांची संमती, एसटीचा खर्च, मुलांचा डबा हे आम्ही शिक्षक बघू. तुम्ही एक खोली द्या आणि तारखा कळवा.