'दगडफूल'ला दोन तारे: आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा अभिप्राय वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: 'दगडफूल' हे भिंतीवर लावायचं क्रोशाचं काम वाकडंतिकडं आहे, इस्त्री करूनही कडा सपाट होत नाहीत, फोटोसारखं हुबेहूब नाही, तुकडे जोडून केलंय, लोकरीला वास येतो, आणि साडेचौदा हजारांत आत्याच्या हातची ढीगभर तोरणं आली असती. म्हणून निम्मे पैसे परत हवेत. हे वाचून ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवणारे इतरही असतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी इस्त्रीचं, कारण ते तातडीचं आहे. कृपया पुन्हा फिरवू नका. सोबतच्या चिठ्ठीत 'इस्त्री नको' असं पहिल्याच ओळीत आहे. नशीब की यात फक्त सूत आणि लोकर आहे. ॲक्रिलिक असतं तर वाफेने ते कायमचं मलूल झालं असतं. सूत-लोकरीचं वळण परत आणता येतं. गार पाण्याचा हलका फवारा मारायचा, बोटांनी झालर उभी करायची आणि सावलीत आडवं ठेवून वाळू द्यायचं.

आता त्या कडा. घरी गोडा मसाला करत असाल तर डब्यातल्या दगडफुलाचा एक तुकडा हातात घ्या. वरून राखाडी, खालून काळपट, आणि काठाला चुण्या. तो ओला करून सपाट दाबायला गेलात तरी चुण्या पडतातच, कारण काठाची लांबी मधल्या भागापेक्षा फार जास्त असते. क्रोशात ही लांबी खांब, म्हणजे उभे टाके, वाढवून आणतात. सुरुवातीला 20 खांब घेतले आणि दर दोन खांबांमागे एक वाढवला, तर पुढच्या ओळीत 30 होतात, मग 45, आणि पाच ओळी वाढवेपर्यंत दीडशेच्या वर जातात. एवढे खांब सपाट बसायला जागाच नसते, मग काठ लाटा घेतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी 1997 मध्ये याच युक्तीने हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे काठाकडे लाटा घेत पसरत जाणारा, क्रोशाच्या सुईवर विणला, कारण कागदाची मॉडेल्स हाताळताना फाटायची. त्यावरूनच मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी 2005 मध्ये लॉस एंजेलिसला विणलेल्या प्रवाळाचा प्रकल्प सुरू केला. तेव्हा तुमच्या भिंतीवरच्या लाटा मोजून आणलेल्या आहेत. ज्या ठिकाणी काठ शांत हवा होता तिथे मी खांब वाढवलेले नाहीत. डाव्या खालच्या कोपऱ्यात बघा, तिथे नुसते मुके खांब, म्हणजे आखूड टाके आहेत.

तुकडे जोडलेत, हे खरं आहे. फ्रीफॉर्म, म्हणजे ठरलेल्या नमुन्याशिवाय केलेला क्रोशा असाच होतो. सुटे तुकडे विणायचे, टेबलावर मांडायचे, फिरवायचे, नको तो बाजूला काढायचा आणि मग जोडायचे. आयर्लंडच्या क्रोशा लेसमध्येही पानं-फुलं आधी वेगळी विणतात आणि नंतर जाळीने एकत्र आणतात, आणि तिला कुणी ठिगळं म्हणत नाही.

फोटोबद्दल: तुम्ही पाहिलेलं काम विकलं गेलं होतं, तुम्हाला 'त्याच धर्तीचं' हवं होतं. हुबेहूब होणार नाही हे ऑर्डर घेतानाच लेखी कळवलं होतं. काम निम्म्यावर आलं तेव्हा फोटो पाठवले, त्यावर तुमचं 'मस्त!' असं उत्तर आहे. फ्रीफॉर्मला नमुना लिहिलेला नसतो. मागच्या कामाचा नमुना मलाही काढून देता येणार नाही.

वास मेंढीचा आहे. काळा भाग दख्खनी मेंढीच्या, घोंगडीला वापरतात त्याच हातकताईच्या लोकरीचा आहे, रंग न दिलेला. मला तो काळा रंग कातळासाठी हवा होता आणि रंगवलेल्या लोकरीत तसा मिळत नाही. हवा दमट झाली की वास जाणवतो. वाऱ्यावर टांगा, कडक उन्हात नको.

राहिली किंमत. आत्यांच्या तोरणाला माझा नमस्कार, मीही तोरणांवरच शिकले. पण तोरणात एक नमुना बसला की हात आपोआप चालतो. इथे तसं नाही. या कामावर जे बारीक उंचवटे आहेत ते बुलियन टाके: सुईवर धाग्याचे दहा-बारा वेढे घ्यायचे आणि सगळ्यांतून एका दमात धागा ओढायचा. एक वेढा आवळला गेला की टाका उसवून पुन्हा. तुमच्या कामात असे टाके काही शेकड्यांत आहेत. खरा क्रोशा मशीनवर होतही नाही. बाजारात त्या नावाने मिळणारं स्वस्त कापड बहुतेकदा यंत्रावर विणलेलं, क्रोशासारखं दिसणारं असतं. शोभेला ते पुरत असेल तर जरूर घ्या, मी वाईट म्हणणार नाही.

निम्मे पैसे परत मिळणार नाहीत. ऑर्डरचं काम परत घेत नाही, हे आगाऊ रक्कम घेतानाच ठरलं होतं. मात्र इस्त्रीने दबलेला भाग मी पूर्ववत करून देईन, त्याचे पैसे लागणार नाहीत. टांगायच्या कड्याही तेव्हाच दाखवते. फोटोत तुम्ही दोनच खिळ्यांवर लावलंय, मागे पाच कड्या आहेत, म्हणून मधोमध झोळ आलाय.

सोमवारी स्टुडिओ बंद असतो. येण्याआधी फोन करा, आणि आणताना घडी घालू नका, चादरीत सैल गुंडाळून आणा.