बोअरवेलमध्ये सांडपाणी सोडण्याबद्दल खुलासा

"माती आणि भूजल तपासून घेतलं की हॉटेलांना सांडपाणी बोअरवेलमध्ये सोडता येतं," असा मेसेज गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत फिरतोय. परवा मीही तो पुढे ढकलला. चूक माझीच.

परवाना काढून जमिनीत सांडपाणी सोडायची ती पद्धत अमेरिकेतली. आपल्याकडे १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २४ काल वाचून काढलं: राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मानकांनुसार प्रदूषक ठरणारं काहीही जाणूनबुजून विहिरीत सोडायला मनाई आहे. नुसत्या तपासणी अहवालाने ती उठत नाही. त्यात आपला जांभा दगड सच्छिद्र, घाण शेजाऱ्याच्या विहिरीत झिरपणारच.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर ग्रुपवर हा खुलासा टाका.