ग्रहण, काढा आणि लग्न : एका मेसेजला उत्तर

ग्रहण जवळ आलं की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. या वेळी तो टाकला गल्लीतल्याच एका काकांनी, मी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढले आहे. मेसेज थोडक्यात असा : गर्भारपणी आईनं ग्रहण पाळलं नाही तर मतिमंद मूल होतं. मतिमंदपणा हा वेडाचाच एक प्रकार. बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पीचा काढा ९० दिवस दिला की मेंदू 'चालू' होतो. अशा मुलांना शाळेत घालणं म्हणजे पैसा पाण्यात. आणि वयात आल्यावर ती आवरत नाहीत, म्हणून मुलाचं लवकर लग्न लावून द्यावं, मुलीची पिशवी काढून टाकावी. शेवटी, दहा जणांना पाठवा, पुण्य लागेल.

काकांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण माझा धाकटा भाऊ आज ४१ वर्षांचा आहे, त्याला बौद्धिक अक्षमता आहे, म्हणजे मेसेज ज्याला मतिमंदपणा म्हणतो तीच, आणि या मेसेजमधला एकेक सल्ला आमच्या घरानं ऐकलाय. काही ऐकून तसं केलंय सुद्धा. त्यात त्याची जी वर्षं गेली, ती परत आली नाहीत. म्हणून हे उत्तर.

ग्रहणापासून सुरुवात करते, कारण त्या एका वाक्यानं माझ्या आईचा जन्म पोखरला. तिनं ग्रहणात वांगं चिरलं असं आजी म्हणायची. आईला ते वांगं आठवतही नव्हतं. पण तीस वर्षं रोज ऐकल्यावर तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. प्रत्यक्षात झालं होतं ते असं : दीड दिवस कळा, घरातच बाळंतपण, आणि बाळ जन्मल्यावर बराच वेळ रडलं नाही. अंग निळं पडलं होतं, हे सुईणीनं स्वतः सांगितलं होतं. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणं हे बौद्धिक अक्षमतेचं एक ओळखीचं कारण आहे. ते कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी दोष वांग्याचा, म्हणजे आईचा.

साधा विचार करून बघा. २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत, खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याची सावली राजस्थानपासून बंगालपर्यंत सरकत गेली आणि खंडग्रास तर देशभर दिसलं. त्या दिवशी देशात लाखो बायका गरोदर होत्या. त्यातल्या कित्येकींनी भाजी चिरली असेल, कापड शिवलं असेल, शेतात विळा चालवला असेल. ग्रहणानं मूल मतिमंद होत असतं तर १९९६ च्या पहिल्या सहा महिन्यांत जन्मलेल्या मुलांनी विशेष शाळा ओसंडून वाहिल्या असत्या. तसं काही झालं नाही. आणि ज्या देशांत ग्रहण पाळायची रीतच नाही तिथेही अशी मुलं जन्मतात, आपल्यासारखीच.

मग खरी कारणं कोणती? एक नाही, अनेक आहेत. डाउन सिंड्रोममध्ये पेशीतलं २१ व्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. १९५९ साली फ्रान्समध्ये याचा शोध लागला. हा बदल गर्भ रुजण्याआधीच झालेला असतो, त्यामुळे नऊ महिन्यांत आईनं काय खाल्लं, काय चिरलं याचा त्याच्याशी संबंधच येत नाही. काही मुलांत जन्मतःच थायरॉईड कमी असतं. काहींना जन्मानंतरची कावीळ फार चढते आणि उपचाराला उशीर होतो. काहींना मेंदूज्वर होतो. काही मुलं फार अपुऱ्या दिवसांची असतात. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल आहे. रक्ताच्या नात्यातल्या लग्नात काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते, हेही उघडपणे बोलायला हवं. आणि कितीतरी मुलांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. कारण सापडलं नाही म्हणून ते आईच्या माथी मारायचा हक्क कुणाला मिळत नाही.

काही गोष्टी मात्र खरंच आपल्या हातात आहेत, आणि मेसेजमध्ये त्यातली एकही नाही. गरोदरपणात आयोडीन फार कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. जगभरात टाळता येण्यासारख्या बौद्धिक अक्षमतेचं ते सर्वांत मोठं कारण मानलं जातं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन दाखवलं की आयोडीनच्या कमतरतेनं होणारा गलगंड कमी होतो. त्यातून १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. आजही आपल्याकडे स्वस्त पडतं म्हणून सुटं खडेमीठ वापरणारी घरं आहेत. घरात गरोदर बाई असेल तर तिला अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवण्यापेक्षा मिठाच्या पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का ते बघा. बाळंतपण दवाखान्यात करा. आणि बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब घेऊन थायरॉईडची तपासणी करून घ्या. जन्मतःच थायरॉईड कमी असेल आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर ते मूल इतर मुलांसारखं वाढू शकतं. तीच गोळी वर्षभरानं सुरू केली तर झालेलं नुकसान पुरतं भरून निघत नाही.

'वेडाचाच प्रकार' याचं उत्तर लहान आहे. मानसिक आजार कुणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर औषधोपचार असतात. बौद्धिक अक्षमता लहानपणापासून असते. शिकणं, समजणं, रोजचे व्यवहार करणं याचा वेग आणि पल्ला कमी असतो, एवढाच तिचा अर्थ. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येतून ती स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत या दोन गोष्टींची वेगवेगळी नोंद आहे. अक्षमता असलेल्या माणसाला पुढे कधी नैराश्य येऊ शकतं, जसं तुम्हाआम्हाला येतं, आणि तेव्हा त्यालाही डॉक्टर लागतो. तो खुळा आहे, त्याला कसलं दुःख, असं म्हणून सोडून द्यायचं नसतं.

आता काढा. ब्राह्मीला माझा विरोध नाही. पण बौद्धिक अक्षमता हा ताप नव्हे, की औषधानं उतरावा. ती 'बरी' करणारं औषध कोणत्याच पॅथीत नाही. काढ्यानं अपाय होत नाही, मग दिला तर काय बिघडलं, असं लोक मला विचारतात. दोन गोष्टी बिघडतात. अशा बऱ्याच मुलांना फिट्स येतात, आणि नवी पुडी सुरू करताना वैद्य म्हणवणारा माणूस फिटची गोळी बंद करायला लावतो. आमच्या घरी हेच झालं. भाऊ सहा वर्षांचा असताना एकानं सगळ्या गोळ्या फेकून द्यायला सांगितल्या. अकराव्या दिवशी त्याला एवढी मोठी फिट आली की उचलून बैलगाडीतून तालुक्याला न्यावं लागलं. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. काढ्याचे ९० दिवस कधीच ९० नसतात. मग पुढचा वैद्य, मग देवऋषी, मग कुणाच्या तरी अंगात येतं ते गाव. आमची त्यात आठ वर्षं गेली. आता शहरात हाच प्रकार स्टेमसेलच्या, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या, नावानं चालतो आणि लाखांत पैसे घेतले जातात. मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असा उपचार करणं अनैतिक आहे असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. जमीन गहाण टाकण्याआधी एवढं वाचा.

आणि शाळा? भाऊ १४ वर्षांचा झाला तेव्हा पहिल्यांदा विशेष शाळेत गेला. तोवर आई त्याला आंघोळ घालायची, भरवायची, शर्ट घालायची. बाईंनी पहिल्या आठवड्यात घेतलं फक्त शर्टाचं शेवटचं बटण. बाकीची बटणं त्या लावायच्या, एकच त्याच्यासाठी ठेवायच्या. ते जमलं की शेवटची दोन. मग तीन. काम शेवटाकडून शिकवत गेलं की मुलाच्या हातून रोज काहीतरी पुरं होतं, आणि पुरं केल्याचा आनंद त्याला दुसऱ्या दिवशी परत बसवतो. बटणांना पाच महिने लागले. त्यानंतर दात घासणं, एकेका पायरीचं चित्र भिंतीवर लावून. मग पैसे : आधी नुसती नोटांची ओळख, मग 'दुधाला ही नोट आणि हे नाणं' असं जोडीनं. आज तो रोज सकाळी डेअरीवर जाऊन दूध घालतो, पावती आणतो आणि येताना वाटेतल्या प्रत्येक माणसाला रामराम करतो. दुपारी कार्यशाळेत असतो. तिथे श्रावणाआधी राख्या आणि दिवाळीआधी पणत्या रंगवायचं काम चालतं. वाचता येत नाही त्याला. पण शिकणं म्हणजे वाचणंच असं कुणी ठरवलं?

आई म्हणायची, हे बटण सहाव्या वर्षीच लागलं असतं. बाईंनीही तेच सांगितलं होतं. काढ्यामागे धावण्यात गेलेली वर्षं म्हणजे हीच.

महाराष्ट्रात हे काम नवं नाही. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून आहे. नाशिकला रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलामुळे या कामात पडून १९७७ साली प्रबोधिनी ही विशेष शाळा सुरू केली. कायद्यानं ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालकांना हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शिवाय बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी बहुसंख्य, साधारण ८५ टक्के, सौम्य गटात मोडतात. ही मुलं आपल्याच शाळेत मागच्या बाकावर बसलेली असतात आणि त्यांना आपण 'ढ' किंवा 'आळशी' म्हणून मारत असतो.

मेसेजमधलं शेवटचं वाक्य मात्र वाचून माझे हात थरथरले. लग्न लावून दिलं की सुधारतो, हे आमच्याकडेही सुचवलं गेलं. गरिबाची पोरगी बघा, आधी काही सांगू नका, असं. वडिलांनी एवढी एक गोष्ट ठामपणे नाकारली, त्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. लग्न हा उपचार नाही. ज्या मुलीला फसवून आणलं जातं तिचं काय होतं ते मी दोन घरांत पाहिलंय : तिला नवऱ्याऐवजी आयुष्यभराची सेवा मिळते आणि मूल झालं नाही की दोषही तिचाच. सौम्य अक्षमता असलेली दोन माणसं एकमेकांना ओळखून, समजून, घरच्यांच्या आधारानं संसार करू शकतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण दोघांनाही सगळं माहीत असलं पाहिजे आणि दोघांचीही हो हवी.

मुलींच्या बाबतीत तर महाराष्ट्रानं हा घाव स्वतःच्या हातानं घातलाय. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. कारण सांगितलं ते हेच, पाळी सांभाळता येत नाही. देशभर संताप उसळला. आज २०१६ च्या कायद्याचं १० वं कलम सांगतं की दिव्यांग व्यक्तीच्या स्वतंत्र, समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. पिशवी काढून मुलगी सुरक्षितही होत नाही. उलट तिच्यावर अत्याचार झाला तर दिवस जाण्याची खूणही उरत नाही आणि करणाऱ्याला मोकळं रान मिळतं. पाळी शिकवता येते. बाहुलीला पॅड लावून, लाल रंग दाखवून, न्हाणीघरात चित्रं चिकटवून. पाळी यायच्या वर्षभर आधीपासून सुरुवात केली तर बहुतेक मुली आपलं आपण करायला शिकतात, आणि ज्यांना नाही जमत त्यांना मदत करणारं माणूस लागतं, ऑपरेशन नव्हे.

'आवरत नाहीत' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते. वयात येताना शरीर बदलतं ते यांचंही बदलतं, आणि कुणी काही समजावून सांगितलेलं नसतं. दार लावून कपडे बदलायचे, दुसऱ्याच्या अंगाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आपल्या अंगाला कुणी हात लावला तर ओरडायचं, हे माझ्या भावाला शिकवलं तेव्हा कळलं. ही माणसं दुसऱ्याला त्रास देतात त्याहून कितीतरी जास्त वेळा दुसरेच यांना त्रास देतात. माझ्या भावाला गावच्या पारावर दारू पाजून नाचवणारे सगळे शहाणेच होते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी मेसेज काढून टाकला. रात्री त्यांचा फोन आला, आवाज पार बदललेला. त्यांची नात अडीच वर्षांची आहे, अजून एकही शब्द बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, आणि घरात काढा सुरू आहे. मी म्हटलं, काका, सगळ्यात आधी तिचे कान तपासून घ्या, ऐकू येत नसेल तरीही असंच दिसतं. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, म्हणजे मुलाच्या वाढीतली अडचण लवकर ओळखून मदत सुरू करणारं, अंगणवाडीत तपासणीला येणारं आरोग्य पथक तिथली चिठ्ठी देतं, पैसे लागत नाहीत. लसीकरणाचं कार्ड आणि जन्माच्या वेळचे कागद बरोबर घ्या. सूनबाईंना म्हणावं, तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. ते तुमच्या तोंडून ऐकू दे तिला.

सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं ते निघाले आहेत. मी स्टँडवर थांबणार आहे.