93 टक्के, पण कशाचे?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज चार ग्रुपांवरून माझ्याकडे आला. थोडक्यात असा: ‘बंगळुरूच्या मोठ्या हॉस्पिटलात एआयने कॅन्सरचे 93 टक्के उपचार अचूक सांगितले. डॉक्टरांना 20 मिनिटं लागतात, एआयला 40 सेकंद. आता मुंबईला टाटात खेटे घालायला नकोत. रिपोर्टचा फोटो काढा आणि मोबाइलवर विचारा.’ शेवटी हात जोडलेले.

यातले आकडे कुणी मनाने रचलेले नाहीत, हीच खरी पंचाईत. मी एका हॉस्पिटलच्या कॅन्सर विभागात बरीच वर्षं केसपेपरमधली माहिती कॉम्प्युटरवर चढवली आहे. म्हणून एकेक घेतो.

‘93 टक्के अचूक.’ हा आकडा बंगळुरूच्या मणिपाल हॉस्पिटलच्या अभ्यासातला, 2018 साली छापलेला. स्तनाच्या कॅन्सरच्या 638 केसेस आणि आयबीएम कंपनीचं ‘वॉटसन फॉर ऑन्कॉलॉजी’, म्हणजे कॅन्सरचे उपचार सुचवणारं एआय. वॉटसन एकच उत्तर देत नसे, यादी देई: हे शिफारस केलेले उपचार, हे विचार करण्यासारखे, हे नकोत. ट्यूमर बोर्डाने, म्हणजे सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले यांनी एकत्र बसून ठरवलेला उपचार पहिल्या दोनपैकी कुठल्याही यादीत सापडला की ‘जुळलं’. गाठ परत आली का, बाई किती वर्षं जगली, हे त्या टक्क्यांत कुठेच नाही. दोघांचं एकमत झालं, इतकंच त्यावरून कळतं. एकमताने चुकताही येतं.

बरं, तो 93 दुसऱ्या फेरीचा. बोर्डाने 2014 ते 2016 मध्ये प्रत्यक्षात जे ठरवलं होतं त्याच्याशी ताडलं तेव्हा जुळणी होती 73 टक्के. न जुळलेल्या केसेस 2016 मध्ये, मशीनचं उत्तर न दाखवता, बोर्डापुढे पुन्हा ठेवल्या आणि मग आकडा वर गेला. यात लबाडी नाही. मधल्या काळात औषधं बदलली, माहिती वाढली. पण अभ्यास करणाऱ्यांत आयबीएमची माणसंही होती, हे लक्षात असू द्यावं. आणि पहिल्या व चौथ्या स्टेजला जुळणी कमी भरली, वयस्क पेशंटांतही घसरली. मेसेज पुढे पाठवणाऱ्याच्या घरात आजारी असते ती बहुधा आईच.

हेच वॉटसन दक्षिण कोरियात इंचॉनच्या गिल मेडिकल सेंटरमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला लावलं, तर 656 पेशंटांत जुळणी निम्म्याच्याही किंचित खाली आली. कारणं? पेशंटचं वय, आणि तिथला सरकारी विमा ज्याचे पैसे देत नाही अशी औषधं. वॉटसनला शिकवलं होतं न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांनी. शिकवणाऱ्याच्या गावातला विमा आणि शिकवणाऱ्याच्या सवयी मशीनबरोबर आल्या.

‘40 सेकंद.’ लागले असतील. त्याआधी फाइल कुणी वाचली? एक उदाहरण देतो. स्तनाच्या गाठीत हर-टू नावाचं प्रोटीन जास्त आहे का, हे तपासतात; बायोप्सीच्या रिपोर्टात ‘हर-टू : 2+’ असं लिहिलेलं असतं. अधिकचं चिन्ह दिसलं की नवा माणूस ‘पॉझिटिव्ह’चा रकाना भरून मोकळा होतो. मीही सुरुवातीला तेच करायचो. 2+ म्हणजे अजून नक्की नाही, फिश नावाची आणखी एक तपासणी करून घ्या. तो एक रकाना चुकला की पुढे वर्षभराचं ट्रास्टुझुमॅब, म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह गाठीवरचं औषध, विनाकारण चालू, किंवा उलट चूक झाली तर हवं असून बंद. अशी फाइल नीट लावायला माझा अर्धा तास जायचा. तो 40 सेकंदांत कुणी धरत नाही.

‘मोबाइलवर विचारा.’ मोबाइलवरचा चॅटबॉट म्हणजे ते वॉटसन नव्हेच. आयबीएमने वॉटसन हेल्थचा धंदा 2022 साली विकून टाकला. 93 एकाचे आणि श्रेय भलत्यालाच. चॅटजीपीटीची वेगळी तपासणी 2023 मध्ये अमेरिकेत झाली, कॅन्सरच्या उपचारांवर 104 प्रश्न विचारून. जवळजवळ प्रत्येक उत्तरात एक तरी बरोबर उपचार होता, पण सुमारे एक तृतीयांश उत्तरांत त्याच्या शेजारी नियमावलीत न बसणारा उपचारही होता, तितक्याच ठाम भाषेत. आता मॉडेलं सुधारलीत हे मान्य. पण बरोबरच्या शेजारचं चूक घरच्या माणसाने ओळखायचं कसं?

मी एआयच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतला नाही. स्वीडनमध्ये मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचे एक्स-रे फोटो, वाचायला एआय लावलं, तेव्हा 80 हजारांवर बायकांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि दोन्हीकडे किती कॅन्सर सापडले ते मोजलं. एआयच्या गटात कमी सापडले नाहीत आणि डॉक्टरांचं वाचनाचं काम 44 टक्के कमी झालं. अशी परीक्षा पास झालेल्यावर मी विश्वास ठेवीन. तिथेही विषय फोटो वाचण्याचा होता, उपचार ठरवण्याचा नाही.

राहता राहिले टाटातले खेटे. तिथे बाहेरून आलेल्या पेशंटकडे स्लाइड आणि ब्लॉक मागतात, म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेली ती छोटी वडी. पहिल्या लॅबने लिहिलेल्यावर न विसंबता त्यांचा पॅथॉलॉजिस्ट ती पुन्हा बघतो, आणि कधी कधी निदानच बदलतं. तुम्ही मोबाइलवर पाठवता तो पहिल्या लॅबच्या कागदाचा फोटो. वडी तिकडेच, लॅबच्या कपाटात.