कॉम्प्रेसर ओरडतोय? ओरडू द्या

एसी लावला की बॉनेटखालून घर्रर्र असा आवाज येतो, ही तुमची तक्रार. बरं झालं, वेळेवर सांगितलंत. अजून फारसं काही बिघडलेलं नाही, म्हणजे बिघडवायला भरपूर वाव आहे.

पहिला उपाय बिनखर्ची आहे. गाणी मोठ्याने लावा. कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, एकदम बोंबलायला लागत नाही, रोज थोडा थोडा चढत जातो. आपणही रोज थोडं थोडं गाणं चढवत नेलं की दोघांचं छान जमतं. शेजारी बसलेल्याने ‘हा कसला आवाज?’ म्हणून विचारलंच, तर ‘पहिल्यापासून आहे’ असं शांतपणे सांगायचं. हे फार गुणकारी वाक्य आहे. जे पहिल्यापासून आहे त्याला दुरुस्ती लागत नाही, यावर आपल्या सगळ्यांची श्रद्धा असते. कानाडोळा या शब्दात कान आधी आणि डोळा नंतर येतो, तोच क्रम पाळावा. आधी ऐकू आलेलं सोडून द्यायचं, मग कधीकाळी बॉनेट उघडलंच तर दिसलेलंही.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, एसीचं बटण एकदा चालू आणि एकदा बंद करून आवाजात काय फरक पडतो ते ऐकू नका. याला अर्धं मिनिट लागतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात सहा महिने पुरणारा विषय संपून जातो. त्याचं असं आहे, की कॉम्प्रेसरच्या तोंडावरची पुली एसी बंद असतानाही फिरतच असते. इंजिन चालू आहे तोवर पट्टा तिला स्वस्थ बसू देत नाही. बटण दाबलं की पुलीमागच्या कॉइलला बारा व्होल्ट मिळतात, लोहचुंबक जागा होतो आणि पुढची चकती टक्कन ओढून पुलीला चिकटवतो. मधली फट किती, तर साधारण अर्धा मिलिमीटर. तेवढी मिटली की मग कुठे कॉम्प्रेसरचा दांडा फिरायला लागतो. आता एसी बंद असतानाही गुरगुर चालूच असेल, तर दुखणं बहुधा कॉम्प्रेसरच्या पोटात नसून बाहेर असतं: पुलीचं बेअरिंग, नाहीतर पट्टा ताणून धरणारा टेन्शनर, नाहीतर नुसताच वाटेत फिरणारा आयडलर. टक् झाल्यावरच खडखड सुरू होत असेल, तर संशय पोटात न्यायचा. टक् झाल्याबरोबर क्षणभर चीं करून आवाज विरला, तर अचानक आलेल्या ओझ्याने सैल पट्टा घसरतोय. बघा, एवढं कळलं की पुढे बोलायला काय उरतं? (काही नव्या गाड्यांत हा चुंबक-चकतीचा क्लचच नसतो, पुली आणि दांडा कायम बरोबर फिरतात. तिथे ही परीक्षा अर्धवटच जमते. अशा गाडीचे मालक नशीबवान.)

कुणीतरी तुम्हाला लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरची युक्तीही सांगेल. टोक कॉम्प्रेसरच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, मग तसंच टेन्शनरच्या न फिरणाऱ्या बोल्टला टेकवून बघायचं. ज्याचं बेअरिंग गेलंय तिथे वाळू दळल्यासारखी खरखर थेट डोक्यात ऐकू येते. असल्या नादाला लागू नका. एकदा ऐकलं की न ऐकल्यासारखं करता येत नाही. (आणि इथे थट्टा नाही: फिरत्या पट्ट्याजवळ सैल बाही, ओढणी किंवा हात नेऊ नका. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.)

पट्टा चींचीं करत असेल तर त्याच्यावर तेल मारा. लगेच गप्प होतो. तेलाने रबर फुगून तो आणखी घसरायला लागेल, पण ते उद्याचं झालं.

आता मुख्य औषधाकडे येऊ. गॅस भरा. आवाज येतोय? गॅस भरा. थंडावा कमी आहे? गॅस भरा. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला हे आपलं जुनं वैद्यकशास्त्र, त्यातली पखाल म्हणजेच गॅसची टाकी. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तोच तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, म्हणून कमी झाला तर कुठेतरी गळतोय, असले किचकट विचार करणारे लोक असतात. त्यांना गळती शोधत बसू द्या. तुम्ही दर उन्हाळ्यात भरत राहा.

किती भरायचा हे विचारूच नका. बॉनेटखाली एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅममध्ये आकडा छापलेला असतो. पुष्कळ गाड्यांत तो चारशे ते सातशेच्या दरम्यान असतो. पेलाभर-दीड पेला ऐवज, त्यात शंभर ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी यंत्राला कळतं. पण ग्रॅम मोजायला काटा लागतो आणि काट्याला धीर लागतो. त्यापेक्षा ‘अजून जरा मारा’ हे माप चांगलं. जास्त झाला की दाब वाढतो, आणि कधी द्रवरूप गॅस थेट कॉम्प्रेसरच्या तोंडात जातो. कॉम्प्रेसर वाफ दाबायला बनवलेला आहे आणि द्रव दाबला जात नाही, त्यामुळे आतून ठकठक असे ठोके ऐकू येतात. ते ऐकून म्हणायचं, ‘बघा, आता कसा जोरात काम करतोय.’ कमी झाला तरी सोय आहेच. कॉम्प्रेसरला वंगण पोचवणारं तेल वेगळ्या वाटेने येत नाही, गॅसच्याच पाठीवर बसून सगळीकडे हिंडून परत येतं. गॅस कमी म्हणजे तेलाचं परतणं कमी, मग कोरड्या धातूवर कोरडा धातू. थोडक्यात, जास्त भरला तरी आवाज, कमी भरला तरी आवाज. फक्त स्टिकरवरच्या आकड्याएवढा भरला तर पंचाईत.

इंजिन बंद असताना गेज लावून ‘प्रेशर एकदम ओके’ सांगणारा कारागीर भेटला तर त्याला सोडू नका. गाडी उभी असताना गेज फक्त हवा किती तापलीय एवढंच सांगतं. आत आर-१३४ए नावाचा गॅस असेल तर ३० अंशांना शंभर पीएसआयच्या जवळपास काटा थांबतो, मग आत द्रवरूप गॅस पुरेसा असो की तळाला उरलेला असो. थर्मामीटर बघून पेट्रोल किती उरलंय ते ओळखण्यासारखंच हे.

गॅस भरण्याआधी पंप लावून अर्धा तास नळ्यांतली हवा आणि ओल खेचून काढायची असते. त्यांना सांगा, घाई आहे. आत राहिलेली ओल तेल आनंदाने पिऊन घेतं आणि त्यातून आम्ल तयार होतं, पण आम्लाचा आवाज येत नाही, म्हणजे तो आपला विषयच नाही. तेलही हाताला लागेल ते चालेल. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसरची मोटर आतच, त्याच तेलात बुडालेली आणि मोठ्या व्होल्टेजवर चालणारी असते, म्हणून तिथे वीज वाहू न देणारं वेगळं तेल लागतं, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत असेल, तर ती पिशवी फोडू नका.

हे सगळं करूनही आवाज राहिलाच तर शेवटचा आणि राजमान्य मार्ग: अख्खा कॉम्प्रेसर बदला. याबाबत मी अनुभवाने बोलतोय. माझ्या गाडीची गुरगुर ऐकून गॅरेजमध्ये दोघांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, एकाने ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हटलं, दुसऱ्याने मान हलवली, मीही हलवली. तीन माना हलल्यावर निदान पक्कं होतं. नवा कॉम्प्रेसर बसला, पैसे दिले, गाडी सुरू केली. घर्रर्र. एसी लावलेलाही नव्हता. टेन्शनरची पुली गेली होती, मुठीएवढी. जुना कॉम्प्रेसर मी गोणपाटात गुंडाळून घरी आणला होता. रात्री जमिनीवर ठेवून त्याची पुली बोटाने फिरवून बघितली. कुठे अडकणं नाही, खरखर नाही, दोन-तीन फेरे अलगद घेऊन थांबली. मग चकती धरून दांडा फिरवला. तोही सारखा जड, मधेच कुठे हिसका नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यावर संन्याशाची तब्येत किती ठणठणीत होती हे तपासायचा योग सगळ्यांना येत नाही. हल्ली तो दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दारापाशी असतो. वजनाला फार चांगला आहे.

गॅरेजात जायची वेळही नीट निवडा. भल्या पहाटे, गार हवेत जा. कडक उन्हात समोरच्या जाळीतली उष्णता निघत नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ओझं पडतं आणि आवाज खणखणीत येतो. तेव्हा गेलात तर निदान होऊन बसेल. पहाटे गाडी गाईसारखी उभी राहते, आणि मेकॅनिक तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो त्या नजरेने तुम्हाला पुढच्या चार महिन्यांची मुदत मिळते. आवाज कसा आहे विचारलं तर ‘विचित्र’ एवढंच सांगा. कधी येतो, एसी लावून की न लावता, एक्सलेटर दाबल्यावर वाढतो का, यातलं काही बोलू नका.

काळजी करायचीच असेल तर निरुपद्रवी आवाजांची करा. एसी बंद केल्यावर डॅशबोर्डमागे सुस्स् असं काहीतरी विरत जातं. नळ्यांमधला दाब दोन्ही बाजूंना सारखा होत असतो, बाकी काही नाही. त्यासाठी डॅशबोर्ड उघडायला लावा. अधूनमधून येणाऱ्या त्या एकट्या टक् ची तक्रार करा. मात्र टक्, टक्, टक् असं काही सेकंदांनी सारखंच सुरू झालं, म्हणजे बऱ्याचदा गॅस कमी पडून दाबाचा स्विच क्लचला सारखा सोडवत-बसवत असतो, तेव्हा ‘ताल धरलाय’ म्हणून सोडून द्या.

तुम्हाला वाटेल, पूर्वीचे लोक सुखी होते. तसं नाही. पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने १९४० च्या मॉडेलला एसी बसवून दिला, तेव्हा त्याच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. गारठा नको झाला तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. बिचाऱ्यांना कुठली पुली कुठे आहे हे पाठ असायचं. तुमच्यावर ही वेळ आलेली नाही. तुमच्याकडे बटण आहे.

या पथ्याने चालत राहिलात, तर एका दिवशी खडखड अचानक थांबेल. ही शुभवार्ता समजू नका, पण त्या क्षणी समजाल. आत पिस्टन झिजून त्याचा धातूचा कीस गॅस-तेलाबरोबर पुढे गेलेला असेल, कंडेन्सरच्या, म्हणजे समोरच्या त्या जाळीच्या, केसाएवढ्या नळ्यांत आणि गॅस बारीक भोकातून सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडात जाऊन बसलेला असेल. त्या नळ्या धुऊनही स्वच्छ होत नाहीत, म्हणून कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सर, व्हॉल्व्ह, ओल शोषणारा ड्रायर अशी सगळी वरात बदलावी लागते. पण ते नंतर. आधी जळक्या रबराचा वास येईल, कारण कॉम्प्रेसर जाम होऊन थांबलाय आणि पट्टा अजून थांबलेला नाही. मग फट् असा एक आवाज. आजवरच्या सगळ्या आवाजांत हाच नीट ऐकू येईल. बऱ्याच गाड्यांत त्याच एका पट्ट्यावर बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर असतो, काहींत पाण्याचा पंप आणि स्टिअरिंगचा पंपही. बॅटरीचा लाल दिवा लागेल, स्टिअरिंग दगडासारखं जड होईल, तापमानाचा काटा उठायला लागेल. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, काचा खाली करा.

आता गाणी बंद केलीत तरी चालेल.