खुलासा: कॅमेऱ्यावरचा जीएसटी 2025 च्या दिवाळीत कमी झालेला नाही

"22 सप्टेंबर 2025 पासून कॅमेऱ्यावरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, म्हणून दिवाळी सेलमध्ये तो दहा टक्के स्वस्त," असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. त्या दिवशी 28 वरून 18 वर आले ते एसी, डिशवॉशर, मोठे टीव्ही. डिजिटल कॅमेरा 1 जानेवारी 2019 पासूनच 18 टक्क्यांत आहे. शिवाय कर असा उतरला तरी 100 रुपये मूळ किमतीच्या वस्तूचे करासकट 128 चे 118 होतात, म्हणजे जेमतेम पावणेआठ टक्के, दहा नव्हेत.

पहिला कॅमेरा घेणारी कितीतरी मुलं वर्षभर पैसे साठवतात. ती असल्या आकड्यावर घाई करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सेलमधली सूट खरी असू शकते, पण ती कंपनीची किंवा दुकानदाराची. ती छापील एमआरपीशी नको, महिन्यापूर्वीच्या प्रत्यक्ष भावाशी ताडून बघा. नुसती बॉडी आहे की सोबत लेन्सही, हेही पाहा. भाव फारच कमी वाटला तर खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता शोधा. तो नसेल तर भारतातली वॉरंटी मिळणं कठीण. आणि पक्कं बिल घ्याच.